बारावं घर

हा-मोसुवे, थाबा-त्सेकाच्या वरच्या अंगाला
३ मे १९९९

सेलोआने मावशी,

पोचले बाई एकदाची! लॉरीत मक्याच्या पोत्यांवर बसून सात तास, आणि गारठा असा की दोन कांबळी पांघरूनही दात वाजायचे थांबेनात. दुकानाच्या मागच्या खोलीत राहते. दुकानवाली म्मे मालिताबा भली बाई आहे, पण रोज मेंढीचं मांस शिजवते आणि त्या वासानं माझं पोट नुसतं ढवळून निघतं. पाणी बदललं की होतं असं.

तुझी भाची आता पाहणीवाली झाली हं, जरा मानानं वागव! गळ्यात ओळखपत्र, पिशवीत फॉर्म, आणि तू पोरींकडून घोकून घ्यायचीस ते सगळं पाठ. एका हंड्यातलं कोण कोण जेवतं, सात दिवसांत काम केलं का, नसेल तर शोधलं का. आपण गाठलेलं एकेक घर चारशे बारा घरांच्या वतीनं बोलतं, तेव्हा एकही उत्तर पदरचं घालायचं नाही. आमचे साहेब, न्ताते थामाए, अजून तुझं नाव काढतात. म्हणतात, सेलोआनेबाईंच्या हातचा फॉर्म तपासायची कधी गरजच पडली नाही.

म्हणूनच लिहितेय. पाच वर्षांपूर्वी तू इथली जी बारा घरं केलीस, तीच मला पुन्हा गाठायचीत, कोण खाली गेलं, कोण वर आलं, कोणाला काम लागलं ते पाहायला. अकरा सापडली. बारावं सापडेना. तुझ्या अक्षरात स्वच्छ लिहिलंय: नदीपलीकडचा उतार, घरधनी खाबेले, वय एकतीस, सोन्याच्या खाणीतून काढलेला, काम शोधतो. बायको मापुलेंग, चोवीस. घरधन्याची आई, साठ. मुखियाला विचारलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, "पोरी, त्या उतारावर माझ्या आजोबांच्या वेळेपासून कोणी राहिलेलं नाही. कोल्ह्यांची पाहणी करायची असेल तर खुशाल जा."

तुझी खूण चुकली का गं? लॉरी आठवड्यानं खाली येते, तिच्याबरोबरच उत्तर पाठव.

तुझी लिसेबो


माफेतेंग
१० मे १९९९

लिसेबो,

तुझा मुखिया दिवसाढवळ्या पिऊन असतो, तेव्हाही असायचा. त्याच्या तोंडी लागून मला खुणा विचारतेस होय? तीस वर्षं मी या डोंगरांत पायपीट केली. माझी खूण चुकत नाही.

पाच वर्षांत माणसं जातात कुठल्याकुठं. खाणीतून काढलेली माणसं तर जातातच. तेव्हा त्या घरापुढे "घर सोडून गेले" असं लिही, सही कर आणि मोकळी हो. नदी ओलांडू नकोस. पाणी बर्फाचं असतं आणि दगड शेवाळलेले. पाय मोडून घेतलास तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?

सोबत आलं पाठवलंय, गरम पाण्यातून घे. आणि मेंढीच्या वासानं कोणाकोणाचं पोट ढवळतं ते मला ठाऊक नाही असं समजू नकोस. तूर्तास एवढंच.

मावशी


हा-मोसुवे
१९ मे १९९९

मावशी,

तुझं पत्र मिळालं, पण उशिरा. मी आधीच जाऊन आले होते. आणि घर आहे गं! मुखियाला आता चांगलं सुनावणार आहे.

सकाळी धुकं उतरलं आणि पलीकडे धूर दिसला. दगडांवरून तोल सांभाळत गेले. दोन झोपड्या, गवती छप्पर, दाराशी पाच कोंबड्या. तू पाचच लिहिल्यास. पाच वर्षांत एक वाढली नाही की कोल्ह्यानं एक नेली नाही, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

म्मे मापुलेंग दारातच उभी होती. मी नमस्कार-चमत्कार करायच्या आतच म्हणाली, "आलात? किती वाट पाहायची माणसानं!" आत बसवलं, मक्याच्या पिठाची घट्ट पापा आणि पालेभाजी वाढली. गरम होती, पण तोंडात घातली तर चवच नाही. मीठ विसरली असेल म्हटलं. फॉर्म काढला. वय विचारलं. "चोवीस." मी म्हटलं, "म्मे, मागच्या वेळी चोवीस होतं." तर माझ्याकडे टकमका बघत म्हणाली, "मग? चोवीसच आहे."

नवरा घरी नव्हता. काम शोधायला गेला होता. रोज जातो म्हणे, खाली रस्त्यावर जाऊन उभा राहतो. खाणीच्या भरतीवाल्याकडे नाव सांगितलं की तो यादी चाळतो आणि म्हणतो, "तुझं नाव कुठंच नाही." म्मे मालिताबालाही नंतर विचारलं. ती म्हणाली, "हो, एक जण उभा असतो खरा. पलीकडच्या गावचा असेल. कधी कोणाशी बोलत नाही."

आता ऐक. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तीनदा हाक मारली. वळलीच नाही. तुझ्या फॉर्मची नक्कल काढून पाहिली तर तिच्या ओळीत फक्त "स्त्री, साठ" एवढंच आहे, पुढचे सगळे रकाने कोरे. मी उठून तिच्यासमोर जायला निघाले तसा मापुलेंगनं हात धरला. "नका जाऊ. तिकडं काही नाही." हात थंडगार होता.

निघताना नदीपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "ती बाई कुठं आहे? आधीची?" मी म्हटलं, माझी मावशी ती, माफेतेंगला असते. तर एकदम रडवेली झाली. "तिला विचारा, मला नाव दिलं, मग लेक का नाही दिली? पुलेंगची आई म्हणतात मला सगळे. कुठं आहे माझी पुलेंग?"

लग्नात सासरचे नवरीला होणाऱ्या पोराच्या नावानं आईपण देऊन ठेवतात, हे काही मला नवीन नाही. पोर पुढंमागं होतं. पण ती असं बोलली, की जणू तूच तिचं बारसं केलंस.

काय आहे हे, मावशी? खरं सांग.

लिसेबो


माफेतेंग
२७ मे १९९९

लिसेबो, बाळा,

हे पत्र दोनदा फाडून पुन्हा लिहितेय.

ते घर नाही. कधीच नव्हतं. ते मी दुकानात बसून लिहिलं.

त्या वर्षी नदीला बर्फाचं पाणी चढलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरी खाली जाणार होती आणि बारा घरांचे फॉर्म द्यायचेच होते. नकाशावर नदीपलीकडे घराचा एक ठिपका होता, कोणी काढला देव जाणे. मी पोरींना दमात घ्यायचे, झाडाखाली बसून फॉर्म भरणारीचं तोंड पाहणार नाही म्हणून. आणि मी स्वतः चहाचा कप घेऊन बसले आणि एक अख्खं कुटुंब लिहिलं. लाज वाटते गं, आजही वाटते.

खोटं लिहायचं तर असं लिहायचं की कोणाच्या डोळ्यात येऊ नये. म्हणून अकरा घरांची मधली उत्तरं काढली. कोंबड्यांचा मध्य पाच आला, पाच लिहिल्या. बहुतेक घरांत माणूस खाणीतून निघालेला होता, म्हणून खाबेलेही काढलेला. सगळेच म्हणत होते काम शोधतो, म्हणून त्याच्यापुढेही शोधतो. म्हातारीच्या ओळीपर्यंत कंटाळा आला होता, म्हणून ती अर्धीच राहिली. तो रोज रस्त्यावर उभा राहतो असं तू लिहितेस. त्या बिचाऱ्याला पाच वर्षं तिथं उभं केलं ते मीच.

मापुलेंग हे नाव माझं आहे. तुझ्या आईनंही तुला कधी सांगितलं नसेल. एकोणीस वर्षांची असताना लग्न झालं, सासूनं अंगावर कांबळं घातलं आणि म्हणाली, आजपासून तू मापुलेंग. पाच वर्षं ते नाव वागवलं. पुलेंग आलीच नाही. चोविसाव्या वर्षी नाव तिथंच ठेवून मला माहेरी पाठवली. त्या दिवशी दुकानात बायकोचं नाव लिहायची वेळ आली, तर हातातून तेच उतरलं. मग पोरीची ओळही लिहायला घेतली. नाही लिहू शकले.

आता माझं नीट ऐक. तू पोटुशी आहेस, हे मला तुझ्या पहिल्याच पत्रावरून कळलं. कोणाचं, कसं, ते मागून विचारीन. पण ती बाई कितीही रडली तरी त्या फॉर्मवर पोर लिहू नकोस. पेन्सिलीनंही नको. त्या घरातली माणसं कशातून आली ते आपल्याला ठाऊक आहे, पण ते पोर कुठून येईल ते मला सांगता येत नाही.

पत्र मिळताच "घर नाही" असं लिहून खाली उतर.

सेलोआने


हा-मोसुवे
२९ मे १९९९

मावशी,

तुझं उत्तर अजून नाही. लॉरी बिघडली म्हणतात. पण मला तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काल पुन्हा पलीकडे गेले होते. दोन प्रश्न राहिले होते, असं स्वतःला सांगितलं. खरं तर तिची दया येत होती. दारात बसून रिकाम्या शालीला गाठ मारत होती, पाठीवर पोर बांधतात तशी. म्हणाली, "तुम्ही लिहाल तर होईल. एवढंसं लिहायचं. तुमचं काय जातं?" आणि मला वाटलं, खरंच, माझं काय जातं? फॉर्मवर घरातल्या माणसांची चौथी ओळ रिकामीच होती. लिहिलं: पुलेंग, स्त्री, वय एक वर्षाच्या आत.

मावशी, तिनं जी जीभ वळवून आनंदाची आरोळी दिली! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. पण मग उताराच्या पलीकडून दुसरी आरोळी आली. मग तिसरी. मग मोजता येईनात इतक्या, एकाच आवाजातल्या. धुकं थोडं सरकलं आणि सगळ्या उतारभर धूर दिसला, एकेका चुलीचा, ओळीनं. मी मान खाली घालून निघाले ती थेट नदी गाठेपर्यंत वर पाहिलंच नाही.

आता दुसरं. रागाव, पण पूर्ण वाच. मला दिवस गेलेत. चौथा महिना आहे. तो रस्त्याच्या कामावरचा होता, काम संपलं तसा सीमेपलीकडे गेला, पत्ता नाही. आमच्या पाहणीच्या संस्थेत नोकरीसाठी जो फॉर्म भरला, त्यावर "गरोदर आहे का" असा प्रश्न होता. हो लिहिलं की घरी बसवतात. माझ्याबरोबरच्या थांदीला बसवलं, तीन वर्षांचा अनुभव होता तिला. तिच्या जागी कोणाला घेतलं तर ज्याला धड नकाशा वाचता येत नाही असा एक बाप्या! मग मी "नाही" वर खूण केली. दवाखान्यात कार्ड काढलं, तेवढं सोडलं तर या जगात कोणालाच सांगितलं नाही. आज तुला सांगितलं. बरं वाटलं.

लिसेबो


हा-मोसुवे
६ जून १९९९

मावशी मावशी,

तुझं सत्तावीस तारखेचं पत्र आज मिळालं. उशीर झाला.

पोट नाही. काल सकाळी उठले तर स्कर्टचा पट्टा सैल. दुखलं नाही, रक्त नाही, काही म्हणजे काही नाही. दवाखान्यात धावले. नर्सनं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुम्हाला दिवस गेलेच नव्हते." मी म्हटलं, माझं कार्ड काढा, गेल्या महिन्यात तुम्हीच लिहिलंय. तिनं काढलं. माझं नाव आहे, आणि खाली सगळं कोरं. तिला माझी आठवणही नाही. "कधी कधी मनात फार असलं की तसं वाटतं हो," असं समजुतीनं म्हणाली. मी किंचाळले तिच्यावर.

तिथून सरळ नदीकडे गेले. काठावरच ऐकू आलं. लहान बाळ रडत होतं. ओलांडून गेले तर मापुलेंग अंगणात फेऱ्या मारत होती, पाठीवर शाल घट्ट बांधलेली. मला पाहून इतकी गोड हसली! "पाहा ना, आली माझी. तुमचे उपकार फेडायचे कसे?" मी काहीतरी बोलले, काय बोलले आठवत नाही. माझा आवाज ऐकला आणि बाळ रडायचं थांबलं. एकदम थांबलं, मावशी. शालीतून एक मूठ बाहेर आली आणि माझ्या दिशेनं उघडली, मिटली.

मी हात पुढे केला. मापुलेंग मागे सरली. रागावली नाही. नुसती म्हणाली, "तुमच्या कागदावर तर नव्हती ती. माझ्या कागदावर आहे."

ती माझी आहे. मी "नाही" लिहिलं, पण ती माझी आहे. काय करू सांग. मी खाली येणार नाही, मला इथून हलता येत नाही. सांग गं काहीतरी.


माफेतेंग
१२ जून १९९९

लिसेबो,

रडणं आवर आणि डोकं ताळ्यावर ठेव. मी तुला शिकवलेला एक नियम आठव. फॉर्मवरचं कोणी खोडायचं? ज्यानं लिहिलं त्यानंच. एक आडवी रेघ, बाजूला आद्याक्षरं आणि तारीख. दुसऱ्याच्या हातची रेघ धरत नाहीत.

तेव्हा दोन कामं, याच क्रमानं. आधी थामाए गाठ. ते पंधरवड्याची तपासणी करायला पुढच्या सोमवारी वर येतात. त्यांच्यासमोर संस्थेचा तो फॉर्म मागून घे, "नाही" खोड, "हो" लिही, सही कर. नोकरी जाईल. जाऊ दे. "पण मला तर आता दिवस नाहीत" असलं काही तोंडातून काढू नकोस. तू लिही. ते झाल्यावर, आणि त्यानंतरच, पुलेंगची ओळ खोड. उलटं केलंस तर ते पोर ना तिथलं राहील ना इथलं.

राहिलं ते घर. ते माझं पाप आहे आणि तिथली रेघ माझीच लागेल. गुडघे कुरकुरतायत, पण शनिवारच्या लॉरीनं मी निघतेय. तू रेघ मारलीस की ती बाई दारात रिकाम्या शालीनं उभी राहणार आहे, आणि तशी ती राहिली तर आज ना उद्या पुन्हा कोणाकडून तरी पोर लिहून घेईल. म्हणून मी जातेय. मी पोचायच्या आत तू नदी ओलांडायची नाहीस. मी पोचल्यावर तर नाहीच नाही. शपथ आहे माझी.

तुझ्या आईला म्हणाले, भाचीला भेटायला चालले. ती म्हणाली, या वयात कसली हौस. म्हटलं, आहे हौस.

सेलोआने


नदीपलीकडून
२२ जून १९९९

लिसेबो, माझ्या लाडके,

हे पत्र खाबेले तुला रस्त्यावर आणून देईल. घाबरू नकोस, त्याच्याकडे नीट बघ आणि त्याला धन्यवाद दे. साधा माणूस आहे.

तू दोन्ही रेघा मारल्यास ते मला इथं कळलं. काल दुपारी मापुलेंगच्या पाठीवरची शाल एकाएकी सैल पडली. ती ओरडली नाही. खाली बसली. तुझ्याकडे सगळं ठीक असणार, असं मी मनाशी धरून चालले आहे.

मी कचेरीतून मागून घेतलेला माझा जुना फॉर्म आणि पेन घेऊन आले होते ते खोडायलाच. अगं, ती मीच आहे. चोविसाव्या वर्षाची, माहेरी पाठवली त्या दिवशीची. तोच चेहरा. मी तिच्याकडे न बघता फॉर्म मांडीवर घेतला आणि पहिल्या ओळीवर, खाबेलेच्या नावावर, पेन टेकवलं. तो पाण्याची बादली घेऊन येत होता. जागच्या जागी थांबला. माझ्याकडे वळून फार आशेनं म्हणाला, "म्मे, लागलं का मला काम?"

नाही झाली माझ्यानं ती रेघ. तुला राग येईल. येऊ दे.

उतारावरच्या सगळ्या घरांच्या दारांत तशाच मापुलेंग उभ्या होत्या, एकाच चेहऱ्याच्या. मी सवयीनं मोजायला लागले, दोनशेच्या पुढे सोडून दिलं. तीस वर्षं म्हणत आले की एक घर चारशे बारा घरांच्या वतीनं बोलतं. बोलायला शिकवलं, पण कोणी विचारायला आलंच नाही. आज मी आले होते, आणि तीही पुसून टाकायला!

मग मी खोडायच्या ऐवजी भरायला बसले. म्हातारीपाशी गेले, तिला विचारत विचारत कोरे रकाने भरले. शाळा, दोन वर्षं. दुखणं, कंबर. विधवा. शेवटचं उत्तर दिलं आणि ती वळली. तिला चेहरा आहे गं, चांगला हसरा आहे, आणि बोलायला लागली ती थांबेचना. खाबेलेच्या रकान्यात "शोधतो" खोडून काम लिहिलं: टपाल पोचवतो. त्यानं ते तीनदा वाचून घेतलं.

आणि तू तुझ्या फॉर्मवर मोकळी केलेली चौथी ओळ माझ्या फॉर्मवरही तशीच ठेवता येत नव्हती. ती रिकामी राहिली असती तर त्यांनी पुन्हा पुलेंगला हाक मारली असती. तिथं मी लिहिलं: सेलोआने, स्त्री, एकसष्ट, मापुलेंगची आई. सही केली.

तिला म्हटलं, तुला लेक देता आली नाही, आई चालेल का? तिनं सरळ येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. आयुष्यात कोणी माझ्याजवळ तसं डोकं ठेवलं नव्हतं. पापाला मीठ घालायला शिकवलं, तर सगळी खदखदून हसली. मी सुखात आहे, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तू उतर. पुन्हा वर येऊ नकोस.

मावशी


माफेतेंग
२ नोव्हेंबर १९९९

मावशी,

हे पत्र लॉरीवाल्याकडे देतेय. तो खाबेलेच्या हाती देईल.

मुलगी झाली. शुक्रवारी सकाळी, दवाखान्यात. तीन किलो, केस भरपूर, आवाज खणखणीत. नाव रेलेबोहिले ठेवलं, आणि ते मी कळा सुरू व्हायच्या आधीच नर्सकडून चार ठिकाणी लिहून घेतलं. तिला वाटलं मी वेडी आहे.

न्ताते थामाएंनी तेव्हा माझा फॉर्म पुढ्यात ठेवला, डोळे वर न करता म्हणाले, "नियम आहे, मुली." मी म्हटलं, "नियम चुकीचा आहे, न्ताते. तुमच्याकडच्या किती पोरी असंच खोटं लिहितात ते एकदा मोजा." त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. मी सही केली. त्याच संध्याकाळी पोटात पहिल्यांदा हललं. आता बसस्टॉपवर ज्वारीची आंबील विकते. चालतं आमचं.

मी तुझ्या घरी गेले होते. किल्ली माझ्याकडे होती, पण कुलूपच नव्हतं, दाराशी गवत वाढलेलं. शेजारीण म्हणाली, "हे घर? हे तर कित्येक वर्षं रिकामंच आहे." चर्चच्या वहीत पाहिलं, तिथं तुझं नाव नाही. आईला विचारलं, तर म्हणाली, "तुला कुठली मावशी? आम्ही दोघे भाऊबहीणच." मी ओरडले तिच्यावर, आणि मग तीही रडायला लागली, का ते तिलाच कळेना. आता तुझी आठवण फक्त मला आहे. तुझं आडनाव परवा मला पूर्ण दिवस आठवलं नाही. तुझी पत्रं उशाशी ठेवते आणि रोज काढून वाचते.

तुला परत कसं आणायचं ते मला माहीत आहे. तुलाही माहीत असणार. आपण लिहू तिथं माणूस असतं. नर्सनं आज कार्ड भरता भरता विचारलं, "बाळंतपणाला घरचं कोण होतं? नाव सांगा, लिहिते." जागा रिकामी होती. तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, मावशी, आडनावासकट. मी सांगितलं असतं तर तू दार ढकलून आत आली असतीस आणि मला आधी चार शिव्या घातल्या असत्यास, याची मला पक्की खात्री आहे.

पण मग तिकडची चौथी ओळ रिकामी झाली असती.

रेलेबोहिले माझ्या दंडावर झोपली होती, मूठ उघडी टाकून. नर्स पेन धरून थांबली होती. म्हणाली, "सांगा ना. कोणीतरी असेलच."

मी म्हणाले, "कोणी नव्हतं. तसंच लिहा."

तिनं लिहिलं. मावशी, मला माफ कर.

लिसेबो